गाणारा बदलला तेव्हा : ब्लॅक सॅबथ या बँडची गोष्ट



आज आम्ही तुम्हाला एका बँडची गोष्ट सांगणार आहोत. बँड म्हटल्यावर वरातीपुढं वाजणारा बँड डोळ्यांपुढं येईल, पण हा तो नव्हे. हा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरातल्या चार कामगार घरांतल्या पोरांचा बँड. त्याचं नाव ब्लॅक सॅबथ. ते जे संगीत वाजवायचे त्याला हेवी मेटल म्हणतात. हेवी मेटल म्हणजे शब्दशः जड धातू. विजेवर चालणाऱ्या गिटारी, मोठे ड्रम आणि छातीत धडधड होईल एवढा मोठा आवाज. गावच्या मिरवणुकीत ढोल-ताशाच्या अगदी जवळ उभं राहिलं की पोटात कसं हलतं, ते आठवा, म्हणजे अंदाज येईल.

आता कुणी म्हणेल, या लांबच्या बँडचं आम्हाला काय? त्याचं उत्तर असं. हे चौघं अकरा वर्षं एकत्र होते. मग ज्याच्या आवाजावरून जग त्यांना ओळखायचं, तोच बाहेर पडला. सगळे म्हणाले, संपलं यांचं. आणि पुढच्याच वर्षी, १९८० साली, नव्या गायकाला घेऊन त्यांनी असा अल्बम काढला की तो आज इतक्या वर्षांनंतरही ऐकला जातो. भजनी मंडळात पुढं म्हणणारी बाई गाव सोडून जाते, बचत गटात पहिल्यापासून हिशेब बघणारी ताई काम सोडते, तेव्हा मागं उरलेल्या बायांपुढं हाच प्रश्न उभा राहतो. म्हणून ही गोष्ट.

सुरुवात गावापासून करू. बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर. लोखंड, पितळ, मोटारींचे सुटे भाग, बंदुका, खिळे, बटणं, सगळं तिथं बनायचं. दुसऱ्या महायुद्धात या कारखान्यांमुळंच जर्मन विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले. युद्ध १९४५ साली संपलं, पण पडकी घरं आणि मोकळे ढिगारे पुढं कितीतरी वर्षं तसेच होते. शहरातला ॲस्टन नावाचा भाग कामगारांचा. आपले चौघं १९४८ आणि १९४९ साली जन्मले आणि या ॲस्टन भागातच वाढले. टोनी इओमी गिटार वाजवायचा. गीझर बटलर बेस वाजवायचा आणि बहुतेक गाण्यांचे शब्द लिहायचा. बेस म्हणजे खालच्या सुराची जाड तारांची गिटार. बिल वॉर्ड ड्रम वाजवायचा. आणि गाणारा होता जॉन ऑस्बर्न. त्याला सगळे ऑझी म्हणत.

ऑझीच्या घरी सहा भावंडं आणि दोन खोल्या झोपायला. वडील कारखान्यात हत्यारं बनवणारे, रात्रपाळीला जाणारे. आई मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. ऑझीला अक्षरं नीट लागत नसत. आज आपण त्याला डिस्लेक्सिया म्हणतो. तेव्हा शाळेत अशा मुलाला सरळ ढ म्हणायचे. पंधराव्या वर्षी त्यानं शाळा सोडली. मग मिळेल ते काम. कत्तलखान्यात केलं, आई होती त्या कारखान्यात मोटारीचे भोंगे तपासायचं केलं. एकदा चोरी केली, पकडला गेला, दंड भरायला पैसे नव्हते. वडिलांनी धडा मिळावा म्हणून दंड भरला नाही, आणि पोरगा सहा आठवडे तुरुंगात राहिला.

टोनी इओमीची गोष्ट आणखी वेगळी. तो पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगचं काम करायचा. वय सतरा. गिटार वाजवायला एका बँडबरोबर परदेशी जायचं ठरलं होतं, म्हणून त्यानं नोकरी सोडली. कामाचा शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला आणि आईला म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, घेतलेलं काम पुरं करून ये. तो गेला. त्या दिवशी पत्रा दाबायच्या यंत्रावरचा माणूस आला नव्हता, म्हणून याला त्या यंत्रावर बसवलं. ते काम त्याला कुणी शिकवलं नव्हतं. यंत्र खाली आलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली.

आपल्याकडं मळणी यंत्रात, कडबाकुट्टीत हात गेलेली माणसं आपण पाहिली आहेत. काय होतं ते सांगायला नको. इओमी डावखुरा होता. डावखुरा गिटारवाला तारा दाबतो उजव्या हाताच्या बोटांनी. म्हणजे नेमकी कामाची बोटं गेली. आता गिटार विसर, असं त्याला सांगण्यात आलं. तेव्हा कारखान्यातल्या मुकादमानं त्याला एक रेकॉर्ड आणून दिली. जँगो राइनहार्ट नावाच्या गिटारवाल्याची. ऐकून झाल्यावर सांगितलं की हा माणूस दोन बोटं निकामी असताना हे वाजवतो. राइनहार्टचा हात आगीत भाजला होता.

मग इओमीनं भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली. तिच्यापासून बोटांना बसतील अशा टोप्या बनवल्या, शिवताना आपण बोटात अंगुस्तान घालतो तशा. तारेवरून सटकू नयेत म्हणून वर जुन्या चामडी जाकिटाचा तुकडा चिकटवला. जाड तारा दाबताना दुखायचं, म्हणून पातळ तारा लावल्या. पुढं तारा जरा सैल सोडून सूर खाली उतरवला. सूर उतरला तसा आवाज जाड, गडद आणि जड झाला. आज जगभरात जे हेवी मेटल वाजतं, त्याच्या त्या जड आवाजात या दुखऱ्या बोटांचा मोठा वाटा आहे. इओमीसारखा आवाज यावा म्हणून धडधाकट बोटांची पोरंही आता तारा सैल करतात.

बँड उभा राहिला १९६८ साली. आधी नावं वेगळी होती. ते सराव करायचे त्याच्या समोर एक थिएटर होतं आणि तिथं भुताचे सिनेमे बघायला रांग लागायची. लोक पैसे देऊन घाबरायला जातात, हे त्यांच्या लक्षात आलं. तशाच एका सिनेमाचं नाव त्यांनी बँडला घेतलं. पहिला अल्बम १९६९ च्या ऑक्टोबरात एका दिवसात वाजवून झाला आणि १९७० च्या फेब्रुवारीत बाजारात आला. त्याच वर्षी आलेला दुसरा अल्बम, पॅरानॉइड, इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेला. काळे कपडे, भीतीदायक नावं यामुळं लोकांना वाटायचं, ही सैतानाची पूजा करणारी मंडळी आहेत. पण गाण्यांत बघितलं तर युद्ध सुरू करून स्वतः मागं राहणाऱ्या पुढाऱ्यांवर राग होता, अणुबॉम्बची भीती होती, मनाची घालमेल होती. कारखान्याच्या गावात जे दिसत होतं, तेच त्यांनी लिहिलं.

पैसा आला, नाव झालं. त्यामागून दारू आली आणि नशेचे पदार्थ आले. चौघंही त्यात होते. हिशेब दुसऱ्यांच्या हातात, कागदांवर सह्या न वाचता केलेल्या, त्यामुळं कोर्टकचेऱ्या मागं लागल्या. ही गोष्ट तर आपल्या गटांना चांगलीच कळेल. जो कागद वाचत नाही त्याचा पैसा दुसराच मोजतो. १९७७ साली ऑझी एकदा सोडून गेला आणि परत आला. १९७८ साली नेव्हर से डाय नावाचा अल्बम निघाला. इंग्लंडात तो बाराव्या क्रमांकापर्यंत पोचला, पण अमेरिकेत ६९ च्या वर गेला नाही. पुढच्या अल्बमसाठी सगळे अमेरिकेत लॉस एंजेलिसला एकत्र राहिले. इओमी चाली काढत होता. ऑझी बहुतेक वेळ नशेत. काम पुढं सरकेना.

एप्रिल १९७९ मध्ये ऑझीला काढून टाकायचं ठरलं. आता हे त्याला सांगायचं कुणी? इओमीनं ते काम बिल वॉर्डवर सोपवलं, कारण ऑझीचा सगळ्यांत जवळचा मित्र तोच होता. आम्ही ही गोष्ट वाचली तेव्हा इथं थांबलो. वॉर्ड स्वतः दारूत बुडालेला होता. एका पिणाऱ्यानं दुसऱ्या पिणाऱ्या मित्राला जाऊन सांगायचं की तू जास्त पितोस म्हणून तुला काढलं. ऑझीच्या मनात ही सल कितीतरी वर्षं राहिली. पीत तर सगळेच होते, मग मलाच का, असं त्याचं म्हणणं. ते अगदी खोटंही नव्हतं. पण काम कुणामुळं अडलं होतं, हेही खरंच.

आता नवा गायक. त्याचं नाव रॉनी जेम्स डिओ. हा बर्मिंगहॅमचा नव्हता, इंग्लंडचाही नव्हता. अमेरिकेतला, इटलीहून आलेल्या घराण्यातला. खरं आडनाव पदवोना. जन्म १९४२ चा, म्हणजे या चौघांपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. उंचीला लहान आणि आवाजाला प्रचंड. लहानपणी तो तोंडानं फुंकून वाजवायचं ट्रंपेट शिकला. श्वास पोटातून कसा घ्यायचा, कसा धरायचा, हे त्यातूनच कळलं, असं तो सांगायचा. सनई वाजवणाऱ्याचा दम बघितला असेल तर हे पटेल. आधी तो रेनबो नावाच्या नावाजलेल्या बँडमध्ये गात होता आणि १९७९ साली तिथून बाहेर पडला होता. म्हणजे एका घरातून गायक गेला होता आणि दुसऱ्या गायकाचं घर सुटलं होतं.

डिओ आणि इओमी लॉस एंजेलिसमध्ये भेटले. इओमीकडं एक अर्धवट चाल पडून होती. डिओनं ती ऐकली, कोपऱ्यात बसून शब्द लिहिले आणि गायला लागला. ते गाणं म्हणजे चिल्ड्रेन ऑफ द सी. दोघांनी मिळून केलेलं पहिलं गाणं. त्यावरूनच सगळ्यांना कळलं की हे जमणार.

पण घर लगेच सावरलं असं नाही. गीझर बटलरच्या संसारात अडचणी होत्या. तो मध्येच इंग्लंडला निघून गेला आणि नंतर परत आला. जेफ निकल्स नावाचा बर्मिंगहॅमचाच वादक मदतीला आला आणि पुढं कीबोर्डवर कित्येक वर्षं त्यांच्याबरोबर राहिला. अल्बमचं काम अमेरिकेतल्या मायामीत आणि फ्रान्समधल्या पॅरिसमध्ये झालं. ध्वनिमुद्रणाची सगळी जबाबदारी मार्टिन बर्च यांच्याकडं होती. डिओला ते रेनबोपासून ओळखत होते. आधीच्या अल्बमांचं काम इओमीनंच ओढलं होतं. आता त्याच्या अंगावरचं ते ओझं उतरलं आणि तो नुसता गिटारीकडं बघू शकला.

एप्रिल १९८० मध्ये अल्बम आला. नाव हेवन अँड हेल, म्हणजे स्वर्ग आणि नरक. वरचं चित्र मोठं गमतीचं आहे. तीन देवदूत, पाठीला पंख, आणि बसून पत्ते खेळत सिगारेटी ओढतात. ते चित्र १९२८ सालच्या एका फोटोवरून सुचलेलं. देवदूतांचं सोंग घेतलेल्या बाया कार्यक्रमाच्या मागच्या बाजूला सिगारेट ओढत उभ्या आहेत, असा तो फोटो. सोंग उतरायच्या आधीचा विसाव्याचा क्षण.

अल्बम इंग्लंडात नवव्या क्रमांकावर गेला आणि अमेरिकेत अठ्ठाविसाव्या. आधीचा अल्बम अमेरिकेत ६९ वर अडकला होता, हे ध्यानात घ्या. पुढं एकट्या अमेरिकेत त्याच्या १० लाखांवर प्रती गेल्या. बुडालेला म्हणून सोडून दिलेला बँड परत उभा राहिला.

हे कशामुळं झालं? आम्हाला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण, नव्यानं जुन्याची नक्कल केली नाही. ऑझी गिटारीच्या चालीबरोबर गायचा. गिटार जिथं पाऊल टाकेल तिथंच त्याचा आवाज पाऊल टाकायचा. जात्याच्या फेऱ्याबरोबर ओवी जावी तसं. त्याचीही एक ताकद होती, ती लोकांच्या मनात बसलेली. डिओचा आवाज गिटारीला ओलांडून जायचा. खाली गिटार एक चाल धरून राहिली की वर हा दुसरीकडं फिरून यायचा. इओमीनंही सांगितलं आहे की त्यामुळं चाली बांधायची त्याची पद्धतच बदलली. आधी आवाजासाठी सोपी वाट ठेवावी लागे, आता मोकळं झालं.

दुसरं कारण, नव्याला खरं काम दिलं. आधी शब्द बहुतेक गीझर बटलर लिहायचा. आता डिओनं लिहिले. उजेड-अंधार, चांगलं-वाईट, फसवी स्वप्नं हे त्याचे विषय. बटलरनं लेखणी सोडून दिली आणि त्यावर भांडण केलं नाही. घरात नवी सून आणायची आणि तिला नुसतं चुलीपुढं उभं करायचं, डब्यांच्या किल्ल्या मात्र द्यायच्या नाहीत, असं इथं झालं नाही. किल्ल्या दिल्या.

तिसरं कारण, जुनं टाकलं नाही. कार्यक्रमात डिओ ऑझीची जुनी गाणीही गायचा, पण स्वतःच्या आवाजात. सुरुवातीला काही ठिकाणी लोक मधूनच ऑझीच्या नावानं ओरडायचे. मागच्या बाईचं नाव घेऊन नव्या बाईला टोमणे मारतात, त्यातलाच प्रकार. डिओ गात राहिला.

याच वेळची एक गोष्ट आम्हाला फार आवडली. ऑझी रंगमंचावर दोन बोटं वर करून शांततेची खूण करायचा. ती त्याची ओळख होती. डिओला वाटलं, आपण तीच खूण करणं बरोबर नाही, ती त्याची आहे. मग आपली खूण कुठली? त्याला आजी आठवली. ही इटलीची आजी. रस्त्यात कुणाची वाईट नजर लागेल असं वाटलं की हाताची पहिली बोट आणि करंगळी ताठ करायची, मधली दोन बोटं मिटायची. म्हणजे दृष्ट लागत नाही, असं ती मानायची. आपण मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकतो ना, तसलंच. डिओनं आजीची ती खूण रंगमंचावर केली आणि समोरच्या हजारो लोकांनी हात वर करून तीच केली. त्याच्या आधीही काहींनी ती केली होती. मी शोधून काढली असं तो स्वतःही म्हणत नसे. पण जगभर पसरली ती त्याच्यामुळं. आज आपल्या गावातली पोरंही मोबाइलवर फोटो काढताना तशी बोटं करतात. काही जण तिला सैतानाची खूण म्हणतात. एका म्हाताऱ्या बाईनं नातवंडांना नजर लागू नये म्हणून केलेली ती खूण आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. दृष्ट-बिष्ट आम्ही मानत नाही आणि तुम्हीही मानू नका. पण आजीची माया मानायला काही हरकत नाही.

त्याच वर्षी, १९८० मध्ये, दुसऱ्या एका बँडवर असाच प्रसंग आला. ऑस्ट्रेलियातला एसी-डीसी हा बँड. त्यांचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारीत एका रात्री खूप दारू प्यायला आणि त्यातच गेला. वय फक्त ३३. त्यांनी इंग्लंडमधल्या ब्रायन जॉन्सन याला घेतलं आणि पाच महिन्यांत बॅक इन ब्लॅक नावाचा अल्बम काढला. गेलेल्या मित्राच्या दुखवट्याचा म्हणून वरचं वेष्टन सगळं काळं ठेवलं. जगात सर्वांत जास्त विकल्या गेलेल्या अल्बमांत तो मोजला जातो. दोन बँड, दोघांचे गायक दारूनं हिरावलेले. एकाला मित्रांनी बाहेर काढलं आणि तो पुढं ४६ वर्षं जगला. दुसऱ्याला वेळ मिळाली नाही.

आणि बिल वॉर्ड? ज्यानं मित्राला निरोप सांगितला तो? हेवन अँड हेलमध्ये ड्रम त्याचेच आहेत. पण ते वाजवल्याचं आपल्याला काही आठवत नाही, असं त्यानं नंतर सांगितलं. एवढी दारू. ऑगस्ट १९८० मध्ये दौरा चालू असताना तो अर्ध्यावर निघून गेला. त्याच्या जागी विनी अपिस आला. सगळं जग टाळ्या वाजवत होतं, आणि ज्याच्या हातांनी ते वाजलं त्याच्या आठवणीत त्यातलं काहीच उरलं नाही. दारू माणसाचा पैसा खाते, शरीर खाते, हे आपण रोज बघतो. त्याचे चांगले दिवसही ती खाऊन टाकते, हे आम्हाला वॉर्डच्या गोष्टीत दिसलं. पुढं त्यानं दारू सोडली, हे मात्र आनंदानं सांगायला हवं.

ऑझीचं काय झालं, तेही सांगतो. काढल्यावर तो लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात पडदे ओढून तीन महिने पीत पडला. तिथून त्याला उठवलं शेरन आर्डन हिनं. तिचे वडील बँडचा व्यवहार बघायचे. तिनं सांगितलं, नीट राहणार असशील तर तुझं काम मी बघते. तिनं नवे वादक जमवले, करार केले, दौरे ठरवले. रँडी ऱ्होड्स हा पंचविशीच्या आतला गिटारवाला मिळाला. त्याची आई संगीताची शाळा चालवायची आणि तो तिथंच शिकला, तिथंच शिकवायचा. सप्टेंबर १९८० मध्ये ऑझीचा स्वतःचा अल्बम आला आणि तोही गाजला. १९८२ च्या मार्चमध्ये रँडी विमान अपघातात गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये शेरन आणि ऑझीचं लग्न झालं. या व्यवहारापायी शेरनचं वडिलांशी वैर झालं आणि ते कित्येक वर्षं टिकलं. एका घराचे दोन भाग झाले आणि दोन्ही चुली पेटल्या, असं झालं खरं. पण ऑझीची चूल पेटती ठेवायला एका बाईनं काय काय सोसलं, हे अल्बमवर लिहिलेलं नसतं.

आता नव्या सुनेचा संसार सुखाचा झाला का? दोन वर्षं झाला. १९८१ साली मॉब रूल्स नावाचा दुसरा अल्बम आला. १९८२ मध्ये कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण जोडून एक अल्बम काढताना वाद झाला. इओमी आणि बटलर म्हणाले, डिओ आमच्या मागं येऊन स्वतःचा आवाज मोठा करून घेतो. डिओ म्हणाला, असं काही मी केलं नाही. विश्वास संपला. डिओ बाहेर पडला, बरोबर विनी अपिसही. त्यानं स्वतःचा बँड काढला आणि पुढच्याच वर्षी होली डायव्हर नावाचा अल्बम काढून नाव मिळवलं. त्याचा व्यवहार बायको वेंडी बघायची.

इकडं ब्लॅक सॅबथमध्ये गायकामागून गायक आले. एक वेळ अशी आली की मूळ चौघांपैकी एकटा इओमी उरला. १९८० साली जे जमलं ते पुन्हा तसं जमलं नाही. म्हणून आम्ही म्हणतो, नवा माणूस आणला की गट आपोआप तरतो, असं नाही. नव्याला जागा द्यावी लागते आणि विश्वास रोज सांभाळावा लागतो. १९८० साली तो होता, १९८२ साली संपला.

नंतर सगळे शहाणे झाले. १९९२ साली डिओ पुन्हा येऊन गेला. १९९७ साली मूळ चौघं एकत्र आले. २००६ साली डिओ, इओमी, बटलर आणि अपिस पुन्हा जमले, पण या वेळी त्यांनी ब्लॅक सॅबथ हे नाव लावलं नाही. ते ऑझीबरोबरच्या मूळ बँडसाठी ठेवलं आणि आपल्या बँडला नाव दिलं हेवन अँड हेल. १९८० च्या त्या अल्बमचं नावच बँडचं नाव झालं. तरी नावावरून कोर्ट टळलं नाही. ब्लॅक सॅबथ या नावाचा मालक कोण, यावर ऑझीनं २००९ साली इओमीवर दावा लावला. २०१० साली तो मिटला.

त्याच २०१० च्या मे महिन्यात डिओ पोटाच्या कॅन्सरनं गेला. वय ६७. त्याच्या बायकोनं त्याच्या नावानं कॅन्सरसाठी निधी उभा केला. दुखणं अंगावर काढू नका, वेळेत तपासून घ्या, असं सांगायचं काम त्यातून होतं. बायांनो, हे तुमच्या कानी पडावं म्हणून मुद्दाम सांगतो. पोटाची तक्रार, छातीतली गाठ, अंगावरून जाणं, काहीही असो, आधी दवाखाना.

आणि शेवट तिथंच झाला जिथं सुरुवात झाली होती. ५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधल्या फुटबॉलच्या मैदानात, ऑझीच्या लहानपणच्या घराच्या जवळ, शेवटचा कार्यक्रम झाला. ऑझीला पार्किन्सनचा आजार होता, उभं राहता येत नव्हतं, तो खुर्चीत बसून गायला. मूळ चौघं वीस वर्षांनी एकत्र वाजले. ड्रमवर बिल वॉर्ड होता. ज्यानं काढल्याचा निरोप नेला तो, आणि ज्याला काढलं तो, एकाच मंचावर. त्या कार्यक्रमाचे पैसे पार्किन्सनच्या संशोधनाला, मुलांच्या दवाखान्याला आणि आजारी मुलांच्या सेवाघराला द्यायचं ठरलं होतं. १७ दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला.

मैत्रिणींनो, आपल्या गटांचं वय दहा, पंधरा, वीस वर्षं होत आलं. पहिल्या बाया आता थकल्या. काही निघून जातील, काहींना बाजूला व्हा म्हणावं लागेल. तेव्हा काय करायचं, हे वेळ यायच्या आधी ठरवून ठेवा. पुढच्या बैठकीत या चार गोष्टींवर बोलून बघा. गटाच्या नावावर आणि खात्यावर हक्क कुणाचा, हे कागदावर आहे का? जाणाऱ्या बाईशी बोलायला कोण जाणार, आणि तिचं ऐकून घेणार का? येणाऱ्या बाईला नुसती सही करायला लावणार, की काम देणार? आणि जी गेली तिनं उभं केलेलं, तिच्या नावासकट सांगणार का?

आमच्या रेडिओवर हे भाषण झालं तेव्हा शेवटी आम्ही हेवन अँड हेल हे गाणं थोडंसं लावलं होतं. काहींनी कानावर हात ठेवले, काहींनी पुन्हा लावा म्हणून फोन केला. तुम्हालाही ऐकायचं असेल तर घरातल्या पोरांना मोबाइलवर लावायला सांगा. आणि ऐकताना त्यांना विचारा, ती बोटांची खूण कुणाच्या आजीची, माहीत आहे का?

रामराम.